चेहरा नवा, इंजिन कोणते?

दिवाळी जवळ आली की घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या व्यापारी कुटुंबांत मोठ्या गाडीचा विषय निघतो. ‘नवे मॉडेल आले आहे’ या एका वाक्यावर पुष्कळदा निर्णय होतो. परंतु ‘नवे’ या शब्दात तीन निरनिराळे बदल सामावलेले असतात: वर्षागणिक होणारे किरकोळ फेरफार, काही वर्षांनी होणारे फेसलिफ्ट आणि संपूर्ण नवी पिढी. माल घेताना आपण प्रत पाहतो. गाडीच्या बाबतीतही ती पाहिली पाहिजे.

दरवर्षी गाडीचे रूप पालटण्याची प्रथा १९२०च्या दशकात अमेरिकेतील जनरल मोटर्सने रुजवली. जुनी गाडी उत्तम चालत असतानाही ग्राहकाला नवी हवीशी वाटावी, हा त्यामागील हेतू होता.

जवळचे उदाहरण घेऊ. मर्सिडीज-बेन्झची ई-क्लास पुण्याजवळ चाकण येथे जुळवली जाते. २०१७ मध्ये ती लांब व्हीलबेससह आली आणि मागे बसणाऱ्यास ऐसपैस जागा मिळाली. हा बदल खरा उपयोगाचा होता. पुढे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यांच्या तयारीत पेट्रोलवरील ई २०० ची शक्ती १८४ वरून १९७ अश्वशक्ती झाली, तर ई ३५० डी मध्ये जुन्या व्ही-६ ऐवजी सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे २८६ अश्वशक्तीचे इंजिन आले. बाह्यरूप मात्र तेच होते. मार्च २०२१ च्या फेसलिफ्टमध्ये दिवे, जाळी, बंपर आणि स्टीअरिंग पालटले. इंजिनांची शक्ती होती तेवढीच राहिली. म्हणजे इंजिन बदलले तेव्हा चेहरा जुना होता आणि चेहरा बदलला तेव्हा इंजिन तेच होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली गाडी मात्र खऱ्या अर्थाने नवी पिढी: सांगाडा नवा, व्हीलबेस ३०७९ वरून ३०९४ मिलिमीटर आणि इंजिनाच्या मदतीला ४८ व्होल्टची विद्युत प्रणाली.

आता हिशेबाकडे वळू. धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर आयकरात घटत्या मूल्यावर १५ टक्के घसारा मिळतो. ८० लाखांची गाडी तीन वर्षांनी वहीत सुमारे ४९ लाखांची उरते. पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांहून कमी झाला, तर घसारा निम्माच, म्हणजे साडेसात टक्के मिळतो. ऑक्टोबरच्या प्रारंभानंतर घेतलेल्या गाडीला हा नियम लागतो. दिवाळीचा मुहूर्त साधणाऱ्यांनी तो ध्यानी ठेवावा. डिसेंबरातील सवलतही तपासून घ्यावी. नोंदणी जानेवारीत झाली, तरी नोंदणीपत्रावर उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले असते आणि पुढे विकताना खरेदीदार तेच पाहतो.

म्हणून विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. इंजिन कोणत्या वर्षापासून चालत आले आहे? गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली? पुढची पिढी कधी अपेक्षित आहे? फेसलिफ्ट होऊन एक-दोन वर्षे झाली असतील आणि नवी पिढी दृष्टिपथात असेल, तर घसघशीत सूट मागण्याचा आपला हक्क आहे. केवळ नव्या दिव्यांसाठी सात वर्षांचे कर्ज काढून दुकानाचे खेळते भांडवल आखडण्यापूर्वी, घरातील सर्वांनी एकत्र बसून हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.