हरलेल्या वादकाचं नाणं

आजच्या तुर्कस्तानात, मिएंडर नदीच्या उगमापाशी, अपामिया नावाचं ग्रीक शहर होतं. इ.स.पू. पहिल्या शतकात तिथं पाडलेलं ब्राँझचं एक नाणं अजूनही जुन्या नाण्यांच्या बाजारात फार धुंडाळावं न लागता मिळतं. पुढच्या बाजूला बुरुजांचा मुकुट घातलेली आर्टेमिस देवी. मागे दोन नळ्यांचं वाद्य फुंकत चाललेला पुरुष आणि त्याच्या पायांखाली काटकोनात वळत जाणारी नक्षी. नक्षी म्हणजे ती वळणावळणाची नदी आणि वादक म्हणजे मर्स्यास.

अथीना देवीनं ‘ऑलोस’ हे वाद्य घडवलं, पण फुंकताना गाल फुगून चेहरा बिघडतो म्हणून फेकून दिलं, अशी कथा आहे. मर्स्यासनं ते उचललं, त्यावर हात बसवला आणि थेट अपोलो देवालाच आव्हान दिलं. तो हरला. अपोलोनं त्याची जिवंतपणी कातडी सोलली आणि झऱ्याच्या गुहेत टांगली. ही गुहा केलेनाईची, असं ग्रीक लेखक झेनोफन सांगतो, आणि अपामिया वसलं ते या केलेनाईच्याच परिसरात. देवाशी बरोबरी करणाऱ्याची गत काय होते, हे सांगायला ग्रीकांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा वापरली.

नाण्यावरचा मर्स्यास मात्र सोललेला नाही, रडवेला नाही. तो वाजवतो आहे. प्रवासवर्णनकार पॉसेनियसनं केलेनाईच्या लोकांची बाजू नोंदवून ठेवली आहे: मर्स्यास म्हणजे आमची नदी, देवीमातेचं ऑलोसवरचं गीत त्यानंच रचलं, आणि गॅलेशियन टोळ्या चालून आल्या तेव्हा नदीचं पाणी आणि त्याचं वादन यांनीच आम्हाला तारलं. बाकी जगात हरलेला वादक त्याच्या गावात रक्षणकर्ता होता.

माझ्या मते ब्राँझची नाणी जमवावीत ती याचसाठी. चांदीचं नाणं गावाबाहेरही धातूच्या किमतीनं चालायचं, दूरवरच्या व्यापाऱ्याच्या हाती पडायचं. ब्राँझच्या नाण्याची किंमत मुख्यतः शहराच्या शब्दावर टिकायची. ते भाजी-मासळीच्या खरेदीत तिथल्या तिथेच फिरायचं. त्यामुळे त्यावरचं चित्र हे शहरानं आपल्याच माणसांशी केलेलं बोलणं असतं.

बिओशियातल्या थेस्पियाचं नाणं घ्या. एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेली स्त्री, दुसरीकडे लॉरेलच्या पानांच्या वेढ्यात लायर हे तंतुवाद्य. जवळच हेलिकॉन पर्वत. तिथल्या म्यूझ देवतांच्या उत्सवात गायन-वादनाच्या स्पर्धा व्हायच्या आणि त्यांची व्यवस्था थेस्पियाकडे असे. इजिप्तचा राजा चौथा टॉलेमी आणि राणी तिसरी आर्सिनोई यांनी या उत्सवाला देणग्या दिल्या होत्या. नाण्यावरची स्त्री ती राणीच, असं अनेक अभ्यासक मानतात. आयोनियातल्या टिऑस शहराच्या नाण्यावर ग्रिफिन हा पंखधारी प्राणी आणि लायर. टिऑस हे कवी अ‍ॅनाक्रिऑनचं जन्मगाव, शिवाय डायोनिससच्या नावानं एकत्र आलेल्या नट-गायक-वादकांच्या संघाचं ठाणं. आर्केडियाच्या नाण्यावर मेंढपाळांचा देव पॅन आणि खाली त्याचा नळ्यांचा पावा, सिरिंक्स. आपल्या आदर्श नगरात प्लेटोनं लायर आणि त्याच्याच जातीचं किथारा ठेवले, ऑलोसला बंदी केली आणि सिरिंक्स रानातल्या गुराख्यांसाठी राहू दिला. अपामियाच्या लोकांना हा निवाडा मुळीच पटला नसता.

वाद्य ओळखायला थोडी नजर लागते. लायरचा तळ गोल, कासवाच्या पाठीचा, वर बारीक बाकदार दांडे. किथाराची पेटी लाकडी, तळ सपाट, बाहू जाड. ते पट्टीच्या कलावंतांचं वाद्य. ऑलोसला इंग्रजी पुस्तकं सर्रास बासरी म्हणतात, पण त्यात पत्ती असते. जात सनईची, फक्त एकाच वेळी दोन फुंकायच्या. तारा मोजून निष्कर्ष काढू नयेत. वाद्याला बहुधा सात तारा असत, पण बारा-पंधरा मिलिमीटरच्या चकतीवर कारागिरानं तीन कोरल्या, चार कोरल्या, जशी जागा मिळाली तशा.

झिजलेलं पण चित्र ओळखू येणारं असं नाणं साधारण अडीच ते पाच हजार रुपयांच्या आसपास मिळू शकतं. ऑलिंथस शहराच्या किथारा असलेल्या चांदीच्या मोठ्या नाण्याला लाखांत पैसे मोजावे लागतात. घेताना चकाकी शोधू नये. शतकानुशतकं मातीत राहून चढलेला हिरवा-तपकिरी थर हेच नाण्याचं कवच असतं, तो घासून काढला की नाणं गेलंच. फिक्या हिरव्या रंगाची भुकटी सुटत असेल तर तो ब्राँझचा रोग. असं नाणं कोरडं आणि इतरांपासून वेगळं ठेवावं. चेहरा पार झिजलेला आणि तारा मात्र लख्ख असतील, तर त्या अलीकडे कोणी अवजारानं कोरल्या असण्याची दाट शक्यता. ओळख पटवायला बार्कले हेड यांचा ‘हिस्टोरिया न्यूमोरम’ हा ग्रंथ आजही उपयोगी आहे. १९११ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर फुकट वाचता येते आणि तीत नाणी शहरवार लावलेली आहेत.

एका गोष्टीबद्दल मात्र तडजोड नको. ब्राँझचं नाणं बहुतेक आपल्याच मुलखात राहायचं, म्हणून ते नेमकं कुठे सापडलं ही माहिती पुरातत्त्वज्ञाला लाखमोलाची असते. त्यावरून गावाची जागा ठरू शकते, थराचा काळ ठरू शकतो. मेटल डिटेक्टर घेऊन रात्री खणणारा चोर ती माहिती कायमची पुसतो, आणि चारशे नाण्यांची पिशवी स्वस्तात विकतो. तुर्कस्तानच्या १९८३च्या आणि ग्रीसच्या २००२च्या कायद्यांनी अशा वस्तू परवानगीविना देशाबाहेर नेणं गुन्हा ठरवलं आहे. म्हणून नाण्यासोबत जुन्या संग्रहाची चिठ्ठी किंवा लिलावाच्या यादीतला क्रमांक आहे का, हे आधी विचारावं. असेल तर थोडे जास्त पैसे खुशाल द्यावेत. कागद नसलेली, मातीसकट आलेली ढिगातली नाणी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नयेत.