सत्तावन्नाव्या मजल्यावरील बाग

आपल्या गावातील विद्यार्थी हल्ली सुटीत परदेशी जाऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तेथे एखादे गगनचुंबी, विलासी हॉटेल पाहून येणे हा त्यांच्या कार्यक्रमाचा ठरलेला भाग असतो. खिशात एका रात्रीचे भाडे नसताना अशा ठिकाणी जावे तरी कशाला, असे घरची वडीलधारी मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की जरूर जावे. मात्र एखादा दस्तऐवज वाचावा तशी ती इमारत वाचावी. ती कशी उभी आहे, कशासाठी उभी आहे आणि कोणासाठी उभी आहे, हे तीन प्रश्न विचारीत गेले म्हणजे तो दस्तऐवज आपोआप उलगडतो.

उदाहरणादाखल आपण सिंगापूरचे मरीना बे सँड्स हे हॉटेल घेऊ. हे २०१० साली उघडले. पंचावन्न मजल्यांचे तीन मनोरे आणि त्या तिघांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली, सुमारे ३४० मीटर लांबीची नावेसारखी गच्ची, असे त्याचे रूप आहे. या गच्चीवर बाग आहे आणि सुमारे दीडशे मीटर लांबीचा पोहण्याचा तलावही आहे.

पहिला प्रश्न, ही वास्तू उभी कशी राहिली? मुळात जेथे ती आहे तेथे पूर्वी समुद्र होता. भराव घालून ती जमीन तयार केलेली आहे. प्रत्येक मनोरा वस्तुतः दोन पातळ इमारतींचा आहे. त्यांतील एक तिरपी झुकून दुसरीला तेविसाव्या मजल्याच्या सुमारास मिळते. पत्त्यांचा बंगला करताना एक पत्ता दुसऱ्याला टेकवावा, तसाच काहीसा प्रकार. दोन्हींची गाठ पडेपर्यंत कललेली बाजू सावरून धरणे, हेच या बांधकामातील कठीण काम होते. पुन्हा उंच मनोरे वाऱ्याने थोडे हलतात आणि तीन मनोरे एकाच तालावर हलत नाहीत. म्हणून वरची गच्ची एकसंध दिसली तरी तिच्यात हालचालीला वाव देणारे सांधे ठेवले आहेत. तलावाखालीसुद्धा ते आहेत. रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातील तत्त्व सहज कळेल.

तलावाचे गूढही तसेच सोपे आहे. छायाचित्रांत त्याला काठच दिसत नाही आणि पोहणारा आता खाली शहरात पडतो की काय, असे वाटते. प्रत्यक्षात बाहेरची भिंत पाण्याच्या पातळीइतकीच ठेवलेली आहे. तिच्यावरून ओसंडणारे पाणी खालच्या पन्हळीत पडते आणि पंपाने पुन्हा वर चढते. घागर काठोकाठ भरून ओसंडू लागली म्हणजे तिचा काठ दिसेनासा होतो, तेच हे दृश्य.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. ही इमारत खोल्यांच्या भाड्यासाठी बांधली, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तिचा पाया जुगारावर आहे. कॅसिनोला परवानगी न देण्याचे सिंगापूरचे जुने धोरण होते. ते २००५ साली सरकारने बदलले. पर्यटन वाढावे, नोकऱ्या मिळाव्यात, हा हेतू होता आणि त्यावर तेथे मोठा वादही झाला. अमेरिकेतील लास व्हेगासच्या एका कंपनीला ही जागा मिळाली. सरकारने अट घातली ती मोठी बोलकी आहे. परदेशी पाहुण्याला कॅसिनोत शुल्काशिवाय प्रवेश. परंतु स्वतःच्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला दिवसाला १०० डॉलर प्रवेशशुल्क. २०१९ साली ते १५० सिंगापूर डॉलर झाले. एकवीस वर्षांखालील कोणालाही आत सोडीत नाहीत. पाहुण्याच्या पैशाचे स्वागत करावे आणि घरच्या माणसाला उंबरठ्यावर अडवावे, हा व्यवहार चतुर म्हणावा की दुटप्पी, याचा निर्णय आमच्या श्रोत्यांनी आपापल्या मनाशी करावा.

तिसरा प्रश्न, कोणासाठी? विद्यार्थिदशेत आम्ही सिंगापूरला गेलो तेव्हा आमचा मुक्काम लिटल इंडियातील एका सामाईक खोलीत, वरच्या खाटेवर होता. हॉटेलच्या दिवाणखान्यात आम्हांला कोणी अडविले नाही. वर मात्र दोन वाटा फुटतात. गच्चीचे हवेत सुमारे पासष्ट मीटर पुढे आलेले टोक तिकीट काढणाऱ्या कोणालाही खुले आहे. तलाव मात्र केवळ तेथे उतरलेल्यांचा. एकाच गच्चीवर एकाला दृश्य मिळते, दुसऱ्याला दृश्य आणि पाणी दोन्ही. खाली खाडीकाठचा रस्ता मात्र सर्वांचा आहे. तेथे संध्याकाळी नागरिक, मजूर, प्रवासी असे सारेच फिरतात आणि ती इमारत पुरती दिसते तीही तेथूनच.

येथे एक माहिती अवश्य सांगितली पाहिजे. या हॉटेलचे शिल्पकार मोशे साफ्दी हे कॅनडात वास्तुशास्त्र शिकत असताना, १९५९ साली, शिष्यवृत्तीवर उत्तर अमेरिकेतील घरे पाहत फिरले होते. दाट वस्तीतही प्रत्येक कुटुंबाला स्वतःची बाग मिळालीच पाहिजे, हा विचार घेऊन त्यांनी आपला प्रबंध लिहिला. त्यातून १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात ‘हॅबिटॅट ६७’ ही वसाहत उभी राहिली. काँक्रीटचे ३५४ साचेबंद ठोकळे एकावर एक असे रचले, की खालच्याचे छप्पर ती वरच्याची बाग. खर्चामुळे मूळचा बेत आखडावा लागला आणि पुढे तीच घरे महागड्या घरांत मोडू लागली. सर्वांसाठी योजिलेली बाग शेवटी सत्तावन्नाव्या मजल्यावर जाऊन बसली, हा एका माणसाचा दोष नव्हे. कल्पना विद्यार्थ्याला सुचते, पण तिला जमीन आणि पैसा कोण देतो यावर तिचे अंतिम रूप ठरते.

म्हणून प्रवासाला निघणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच, की गच्चीवर जाल तेव्हा छायाचित्र अवश्य काढा. परंतु दारे कोठे आहेत आणि ती कोणाला उघडतात, हेही वहीत टिपून आणा. आपल्याही शहरांत आता उंच मनोरे उठत आहेत. त्यांचे नकाशे मंजूर होतील तेव्हा हे टिपण उपयोगी पडेल.