हेड उघडण्याआधी

गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. प्रीमियर पद्मिनी घेऊन गॅरेजच्या दारात येणाऱ्या मालकाची ही नेहमीची तक्रार. एप्रिल-मे महिन्यात तर हमखास. तक्रार एकच असली तरी तिच्या मागे किमान तीन कारणं असू शकतात आणि तिन्हींची लक्षणं सारखीच असतात. इंजिनाच्या उष्णतेने पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होत असेल. इग्निशन कॉइल तापल्यावर दगा देत असेल. नाहीतर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असेल आणि पेट्रोल उपसलं जाईल तशी टाकीत पोकळी होऊन पंपाला पेट्रोल ओढवत नसेल.

अशा वेळी जाणता मिस्त्री गाडी थंड होऊ देत नाही, कारण दोष हजर असतानाच त्याला गाठायचं असतं. आधी तो टाकीचं झाकण फिरवतो. आत हवा ओढल्याचा आवाज आला, की निम्मं काम झालं. तसं नसेल तर प्लगची एक वायर काढून तिला जादा प्लग लावायचा, तो बॉडीला टेकवायचा आणि सेल्फ मारायला सांगायचं. ठिणगी निळी आणि कडक असली तर करंट ठीक. पिवळट, मरगळलेली असली किंवा आलीच नाही तर संशय कॉइलवर, कंडेन्सरवर आणि सीबी पॉइंटवर. करंट ठीक निघाला, तर कॉइलची वायर आधी सोडवून ठेवायची, पंपाकडून कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत धरायचा आणि पुन्हा सेल्फ मारायचा. पेट्रोलच्या पिचकाऱ्या यायला हव्यात. बुडबुडे आणि थेंब येत असतील तर पंपावर ओलं फडकं टाकून दोन मिनिटं थांबायचं. गाडी चालू झाली, की वाफेचा दोष सिद्ध होतो.

दहा मिनिटांत हे सगळं होतं, आणि त्यात काहीही उघडलेलं नसतं. हीच तक्रार अंदाजपंचे हाताळली तर आधी कार्ब्युरेटर धुतला जातो, मग कॉइल बदलते, मग पंप, आणि तिसऱ्या बिलानंतरही गाडी त्याच चौकात बंद पडते. जुन्या गाडीच्या दुरुस्तीत खरं कसब पाना फिरवण्याच्या आधीचं आहे. पद्मिनीच्या बाबतीत तर ते जास्तच जपायला हवं. तिचे काही भाग आता बाजारात नवे मिळतच नाहीत, आणि चुकीच्या निदानापायी उघडताना तुटलेला तुकडा पुन्हा हाती येईलच असं नाही.

या इंजिनाचं वय बघितलं तर आश्चर्य वाटतं. 68 मिलिमीटरचा बोअर, 75 मिलिमीटरचा स्ट्रोक, चार सिलेंडर, 1089 सीसी: ही मापं फियाटने 1937 साली 508 सी या गाडीत आणली. 1953 मध्ये डान्ते जाकोसा यांच्या देखरेखीखाली तयार झालेली नवी 1100 आली, तिच्यातही तेच इंजिन सुधारून बसवलेलं होतं. इकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली होती. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 बाहेर पडू लागली, 1964 मध्ये तिचं ‘डिलाइट’ हे रूप आलं आणि 1974 पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून विकली गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आखलेलं यंत्र विसाव्या शतकानंतरही मुंबईच्या रस्त्यांवर धावत राहिलं. बीडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, क्रँकला तीन मेन बेअरिंग, पेट्रोलसाठी इंजिनावरच चालणारा यांत्रिक पंप. ना सेन्सर, ना संगणक. जे कळायचं ते कानाने, डोळ्याने, नाकाने आणि दोन-चार साध्या गेजांनी.

धुरावरून सुरुवात होते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते कुठून येतंय, हे त्या धुराच्या वेळेवरून कळतं. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून गाडी आणली आणि पुन्हा पाय दिल्यावर मागे निळा लोट उठला, तर व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल उतरतंय. चढावर, इंजिनावर जोर असताना सतत धूर येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा, दाट, इंजिन तापल्यावरही न थांबणारा धूर आणि रेडिएटरचं पाणी सारखं कमी होणं ही जोडी दिसली, की हेड पॅकिंगकडे बोट जातं.

प्लगही साक्ष देतात. चारही काढून क्रमाने ओळीत मांडायचे. बिस्किटाच्या रंगाचं टोक निरोगी, कोरडी काजळी म्हणजे मिश्रण घट्ट, ऑइलने ओलं म्हणजे रिंग किंवा गाइड, आणि पांढरंफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापतंय. एकच प्लग वेगळा दिसला तर त्या सिलेंडरची चौकशी. चारही सारखेच बिघडलेले असतील तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये किंवा टायमिंगमध्ये.

मग येते कंप्रेशनची तपासणी. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि प्रत्येक भोकात गेज लावून सेल्फ मारायचा. आकडा किती यापेक्षा चार आकड्यांमधला फरक जास्त बोलतो. समजा, तीन सिलेंडर 120 पाउंडाच्या आसपास आहेत आणि एक 70 वर अडकला. आता त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल ओतून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर त्या ऑइलने रिंगांची फट तात्पुरती भरली, म्हणजे झीज पिस्टन-बोअरमध्ये आहे आणि काम खालपर्यंत जाणार. आकडा हललाच नाही तर गळती वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा पॅकिंगमध्ये. शेजारशेजारचे दोन सिलेंडर एकदम कमी निघाले तर बहुतेक वेळा त्या दोघांमधली पॅकिंगची चिंचोळी पट्टी जळलेली असते. हेड काढून पॅकिंग बदलणं आणि पूर्ण इंजिन उतरवणं, या दोन कामांच्या खर्चात आणि दिवसांत मोठी तफावत आहे. ती तफावत त्या चमचाभर ऑइलवर ठरते.

आवाजाचं शास्त्र याहून अवघड. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून मिस्त्री एकेक जागा ऐकत जातो. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजतं ते टणक ठोक्याने. त्या सिलेंडरची प्लगची वायर काढली की पिस्टनवरचा स्फोटाचा जोर जातो आणि ठोका मवाळ होतो. मेन बेअरिंगचा आवाज त्याहून खोल, दबका, जोर पडताना येणारा. टॅपेटची टकटक हलकी आणि इंजिनाच्या निम्म्या वेगाची, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो.

टॅपेटबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण मालक इथेच फसतात. टॅपेट थोडे वाजतात म्हणून ते घट्ट करून घेण्याची हौस असते, आणि गाडी शांत झाली की समाधान वाटतं. प्रत्यक्षात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते तसा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. ती संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. बसल्यावरच सीटमधून त्याची उष्णता बाहेर जाते, ती वाट बंद होते आणि कडा जळते. म्हणून आवाज नसलेला टॅपेट फीलर गेज लावून आधी तपासायचा.

मुंबईच्या टॅक्सींनी हा धडा फार मोठ्या प्रमाणावर घेतला. प्रदूषणाच्या प्रश्नावरून शहरातल्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर नेल्या गेल्या आणि पेट्रोलसाठी आखलेल्या इंजिनात गॅस जळू लागला. पेट्रोलचे थेंब आत शिरताना वाफ होऊन थोडी उष्णता शोषून घेतात, गॅस तसं करत नाही. शिवाय तो कोरडा. त्याच सुमारास, 1 फेब्रुवारी 2000 पासून, देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं होतं. व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये शिशाचा जो पातळ थर राहायचा तोही गेला. मग सीट झिजण्याचा वेग वाढला. यावर उपाय म्हणजे हेड लेथवाल्याकडे पाठवून कडक धातूच्या नव्या सीट बसवणं आणि टॅपेट वरचेवर तपासणं. दिवसरात्र दोन पाळ्यांत चालणाऱ्या टॅक्सी या दोन कामांवर तगल्या. ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली आणि 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. आता उरल्या आहेत त्या खासगी मालकांच्या. 1974 सालच्या पद्मिनींनी पन्नाशी ओलांडली आहे, म्हणजे 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीच्या वयात त्या आल्या आहेत.

गिअरबॉक्सची तऱ्हा वेगळी. इथे धूर नाही, प्लग नाही, सगळा तर्क. पद्मिनीत चार गिअर, दांडी स्टिअरिंगखाली आणि पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की खडखडाट होणारच, तो दोष नव्हे.

गिअर जड पडतात, अशी तक्रार आली की पहिली परीक्षा इंजिन बंद ठेवून घ्यायची. बंद इंजिनात गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू असताना खरडत असतील, तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. क्लच पूर्ण सुटत नाही, त्याचं फ्री प्ले बघायचं. बंद इंजिनातही दांडी अडत असेल तर आधी स्टिअरिंग कॉलमवरून खाली गेलेल्या सळ्या आणि त्यांचे बुश बघायचे. वर्षानुवर्षं ते झिजतात, दांडी भलतीकडे हलते आणि दोन गिअर एकदम अडकल्यासारखे वाटतात. हे काम बॉनेट उघडून बाहेरून होतं. फक्त एकाच गिअरला, घाईने बदलताना खरड येत असेल आणि डबल क्लच मारल्यावर थांबत असेल, तरच आतल्या सिंक्रो रिंगवर ठपका ठेवता येतो.

आवाजही असाच वेगळा काढता येतो. न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढलेला असताना घरघर आणि क्लच दाबताच शांतता: गिअरबॉक्समधलं पुढचं बेअरिंग किंवा खालच्या शाफ्टचं. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. पहिल्या तीन गिअरमध्ये कुरकुर आणि चौथ्यात जवळजवळ नाही, तर खालचा शाफ्ट. चौथ्यात जोर थेट मागे जातो, त्या शाफ्टवर भार येत नाही. गाडी पुढे निघताना किंवा अॅक्सिलरेटर सोडताना खालून ‘ठक्’ वाजलं तर गिअरबॉक्स निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आधी हलवून बघावेत. घाट उतरताना तिसरा गिअर आपोआप सुटतो, तेव्हा आत दात झिजलेले असू शकतात किंवा गोळीची स्प्रिंग मऊ झालेली. तरीही आधी गिअरबॉक्सचं रबरी माउंटिंग आणि बेल हाउसिंगचे बोल्ट तपासायचे. ते सैल असले तर जोर पलटताच सगळा डबा हलतो आणि गिअर बाहेर फेकला जातो.

एवढ्यावर भागलं नाही तर गिअर ऑइल स्वच्छ पसरट भांड्यात काढायचं आणि उन्हात धरून बघायचं. सोनेरी चकाकी म्हणजे पितळी सिंक्रो रिंगा घासल्या जात आहेत. लोहचुंबकाला चिकटणारे चपटे कण म्हणजे दातांचे किंवा बेअरिंगचे तुकडे. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर असं होतं. नवीन ऑइल भरताना डब्यावरचा दर्जा वाचायला हवा. जीएल-5 ऑइलमधली रसायनं पितळेला सोसत नाहीत असा अनुभव असल्याने अशा जुन्या गिअरबॉक्सला जीएल-4 ठीक, आणि मागच्या हाउसिंगला त्याचा वेगळा दर्जा.

शेवटी इंजिन उघडावं लागलंच, तर मापं घेणं सुरू होतं. हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खालून फीलर गेज सरकवून बघायचं, कारण अॅल्युमिनियमचं हेड एकदा जास्त तापलं तरी वाकतं. बोअरची वरची कड बोटाला लागते का ते बघून मग डायल गेजने झीज मोजायची: वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी, कारण सिलेंडर गोल झिजत नाही. बोअर वाढवायचा तर त्या मापाचा पिस्टन आधी हातात असायला हवा. पिस्टन मिळायच्या आधीच बोअर मारून घेतला आणि मग ते माप सापडलंच नाही, की ब्लॉक पडून राहतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या भागांच्या बाजारात हे माप शोधत फिरणारे लोक भेटतात ते यामुळेच.

सध्या एक नवा दोष जुन्या गाड्यांत शिरला आहे. पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते फुगवतं किंवा चिरवतं, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा हे दोन्ही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालणं गरजेचं झालं आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि प्लग पांढरे दिसू लागतात. ते हवेतला ओलावाही ओढतं. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत त्यामुळे तळाशी पाणी साचून गंज धरतो. पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर बसवला तर पहिल्या महिन्यातच उत्तर मिळतं: काळे कण जमले तर रबर सुटतंय आणि पाइप बदलायचे, तांबूस जमले तर टाकी उतरवून आतून साफ करून घ्यायची.