भीमाशंकर, पण शिडीविना

“आपलं आता डोंगर चढायचं वय राहिलंय का?” म्हणणाऱ्या मैत्रिणींनो, गेल्या डिसेंबरात आम्ही शेजारच्या सहाजणी खांडसहून भीमाशंकर चढून गेलो. त्यात दोघी साठीच्या!

कर्जतहून खांडस गाठलं की वाटा दोन. शिडी घाटाची जवळची, पण लोखंडी शिड्यांची. गणेश घाटाची लांबची, पण सोपी. पूर्वी एकदा श्रावणात वेळ वाचवायला शिडी घाट धरला, नि ओल्या शिडीवर माझा पाय सटकला. मागचीने धरलं म्हणून निभावलं. (घरी अजून सांगितलेलं नाही!) तेव्हापासून गणेश घाटच.

नऊच्या आत चालायला लागा. चढाला पाचएक तास धरा. माणशी तीन लिटर पाणी, दुधातल्या दशम्या, दाण्याची चटणी, लिंबू-मीठ-साखर. बूट नवे असतील तर आधी आठवडाभर घालून भाजीला जा. पदरवाडीच्या वर दाट रान लागतं. झाडांवर नजर ठेवा, शेकरू दिसेलही. त्याच दिवशी उतरण्याचा घाट घालू नका, वरून एसटीने पुण्याला या. शेवटच्या गाडीची वेळ आधी विचारून ठेवा. आणि पदरवाडीलाच दोन वाजले, तर तिथूनच मागे फिरा.