पाहुणे येण्याआधीची डागडुजी

कॅरिबियन समुद्रात शिडाच्या बोटीवरच राहणाऱ्या कुटुंबांचं वर्ष चक्रीवादळांच्या मोसमानं ठरतं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तो मोसम. आपल्याकडेही १ जूनला मासेमारी बंद होते आणि कोकणातले मच्छीमार होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. तिकडे बोटी दक्षिणेला ग्रेनाडा किंवा त्रिनिदादकडे जातात आणि क्रेननं उचलून जमिनीवर टेकूंच्या आधारानं उभ्या राहतात. तेवढ्यानं धोका टळतोच असं नाही. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ वादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं आणि तिथे आसरा घेतलेल्या कित्येक बोटींचा चुराडा झाला.

जमिनीवरचे महिने दुरुस्तीचे. तळाला चिकटलेले कवचधारी जीव खरवडायचे, ते पुन्हा बसू नयेत म्हणून खास रंग द्यायचा, झिजलेले जस्ताचे ठोकळे बदलायचे. खाऱ्या पाण्यात दोन वेगवेगळे धातू जवळ आले की त्यांतला एक गंजून झिजतो. ते झिजणं जस्तानं आपल्यावर घ्यायचं, म्हणजे बोट पुढे ढकलणारा पंखा शाबूत राहतो.

खरी धांदल उडते ती बोट पाण्यात उतरल्यावर. घरच्यांना सुट्टी असते नाताळात. म्हणजे महिनोन्‌महिने बंद पडून असलेली यंत्रं कुरकुरायला लागतात, नेमके तेव्हाच आई-बाबा किंवा नातवंडं विमानात बसायच्या तयारीत असतात. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातलं रबरी चक्र एकाच जागी दबून वाकलेलं असतं. वाळलेल्या सील गळू लागतात.

सगळ्यात आधी हात लागतो तो संडासाला, आणि ते योग्यच आहे. बोटीवरचा संडास बहुधा हातपंपाचा असतो. समुद्राचं पाणी आत ओढायचं, मैला टाकीत किंवा बाहेर ढकलायचा. समुद्राचं पाणी आणि लघवी यांच्या संयोगानं नळीत चुन्यासारखा थर साचतो आणि ती अरुंद होत जाते. मैला उलटा येऊ नये म्हणून बसवलेली छोटी रबरी झडपही कडक होते. दोघांच्या वापराला कशीबशी पुरणारी ही व्यवस्था सहा जणांत दुसऱ्याच दिवशी तुंबते, आणि तुंबलेली नळी उघडणं हे बोटीवरचं सर्वांत नकोसं काम. म्हणून पाहुण्यांना पहिल्याच संध्याकाळी, अजिबात न लाजता, सांगितलं जातं: कागद डब्यात टाकायचा आणि पंप सांगितला तितक्या वेळा मारायचाच.

पाण्याचंही तसंच. चाळीस फुटी बोटीच्या टाकीत साधारण तीन-चारशे लिटर पाणी मावतं. काही बोटींवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं; त्यात ते प्रचंड दाबानं पडद्यातून ढकललं जातं. त्यासाठी वीज लागते आणि ती येते सौर पट्ट्यांतून भरलेल्या बॅटऱ्यांतून. दीड हजार वॅटचा केस वाळवायचा ड्रायर लावला, तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर सव्वाशे अँपिअरचा भार पडतो. पाहुणीला नाही म्हणताना यजमानाला वाईट वाटतं, पण दुसरा इलाज नसतो.

बोटवाल्यांचा एक जुना नियम आहे: पाहुण्यानं तारीख निवडावी किंवा जागा, दोन्ही नाही. नाताळाच्या सुमारास तिथले व्यापारी वारे आणखी जोर धरतात आणि बोट कित्येक दिवस एकाच खाडीत अडकते. बिघाडही वेळ पाहून येत नाही. गोव्यात बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ २०१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांसह पृथ्वीप्रदक्षिणेवरून परतत होती. तेव्हा सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेलं नसताना तिला मॉरिशसला थांबावं लागलं. कसलेल्या दर्यावर्दी अधिकाऱ्यांना जे चुकलं नाही, ते सुट्टीच्या वेळापत्रकाला कसं चुकेल?

उलट समजूतदार पाहुणा हीच मोठी मदत ठरते. बेटांवर सुटे भाग सहज मिळत नाहीत, मागवले तर कुठेतरी अडकून पडतात. म्हणून पंपाचं चक्र, गाळण्या, झडपा पाहुण्यांच्या सामानातून येतात. सोबत बोटीचं नाव घातलेलं बिल असलं, तर बऱ्याच बेटांवर प्रवासात असलेल्या बोटीच्या भागांवर जकातीत सवलत मिळते.

तेव्हा कुणी आपल्या माणसाकडे बोटीवर राहायला जाणार असेल, तर टणक सुटकेस घरी ठेवावी. तिथे घडी होणारी पिशवीच मावते. परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. आणि निघण्यापूर्वी यजमानाला आवर्जून विचारावं, कोणता भाग घेऊन येऊ?