देवाच्या जागेत माणसांची घरे

देवळाच्या जमिनीवर कुळे राहणे आपल्याकडील जुन्या घराण्यांस नवलाचे नाही. पण माणसांना घरे व्हावीत म्हणून देऊळच उतरविले, असे आपण ऐकले आहे काय? अमेरिकेत, व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथील प्रेस्बिटेरियन मंडळीने आपल्या चर्चचे तसे केले.

मंडळी लहान होत चाललेली, दगडी वास्तू मात्र मोठी. सभासद आसपासच्या लोकांशी बोलले तेव्हा कळले, की येथे राबणाऱ्या अनेकांना येथे राहणे परवडत नाही. शिकवावयाचे एका गावी नि निजावयाचे दुसऱ्या, ही व्यथा शिकवणीवाल्या मला कोणी समजावयास नको. अखेर जागा घरे बांधणाऱ्या एका धर्मादाय संस्थेस विकली गेली. 2019 साली तेथे 'गिलियम प्लेस' उभे राहिले. बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांसाठी 173 घरे. मंडळी आता त्याच इमारतीच्या तळमजल्यावर भाडेकरू म्हणून प्रार्थना करू लागली. दगडी सभागृहातला घुमारा गेला, याची गाणाऱ्या माणसास हळहळ वाटतेच. पण 173 बिऱ्हाडांपुढे ती कितीशी?

कॅलिफोर्नियाने तर 2023 साली कायदाच केला. 1 जानेवारी 2024 पासून धर्मसंस्थांना आपल्या जागेवर, ठराविक अटी पाळून, परवडणारी घरे बांधता येतात. नगररचनेचे नियम आड येत नाहीत. परवानगी मिळाली तरी कर्जे, करसवलती, अनुदाने यांची मोट बांधण्यात वर्षे जातात. भजन करणाऱ्या मंडळीस हा हिशेब कोठून यावा? म्हणून जाणती संस्था जोडीस लागते. काही चर्चे जमीन न विकता दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देतात. मला हीच रीत अधिक पसंत आहे. पट्टा सरला की जागेचे काय करावे, हे पुढच्या पिढीस ठरविता येते.