निष्क्रिय नायट्रोजन आणि त्यातली ऊर्जा

नायट्रोजन निष्क्रिय, म्हणून ऊर्जेच्या दृष्टीने निरुपयोगी, हा समज शाळेपासूनच पक्का होतो. प्रत्यक्षात निष्क्रिय असतो तो नायट्रोजनचा रेणू. त्यातले दोन अणू त्रिबंधाने बांधलेले असतात आणि तो तोडायला मोलमागे सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. याच अणूंमधला एकेरी बंध मात्र साधारण 160 किलोज्यूलचा.

बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते, हा गैरसमज याहून चिवट आहे. बंध तोडताना ऊर्जा नेहमी खर्चच होते. मिळते ती अधिक बळकट बंध जुळताना. प्रत्येक अणू तीन शेजाऱ्यांशी एकेरी बंधांनी जोडला, तर दोन अणूंच्या वाट्याला तीन बंध, म्हणजे जेमतेम 480 किलोज्यूल येतात. असे जाळे मोडून पुन्हा रेणू तयार झाले, की दर 28 ग्रॅममागे साडेचारशेहून अधिक किलोज्यूल मोकळे होतात आणि मागे उरतो हवेतलाच नायट्रोजन. धूर नाही, कार्बन नाही. या पदार्थाचे आकर्षण वाटते ते यामुळेच.

असे घनाकार जाळे प्रचंड दाबाखाली तयार होईल, हे 1992 मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी गणिताने मांडले. संगणकावरचे असे भाकीत म्हणजे निव्वळ अंदाज, असे अनेकांना वाटते. पण त्यामागे पुंजयामिकी असते. अणूंच्या प्रत्येक संभाव्य मांडणीची ऊर्जा काढायची, दाबाखाली आकारमान घटल्याने होणारा लाभ त्यात धरायचा आणि सर्वांत फायद्याची मांडणी निवडायची. शक्य मांडण्या अगणित असल्याने 2006 पासून ‘यूस्पेक्स’सारख्या पद्धती उत्क्रांतीचे तत्त्व वापरतात: सरस रचना राखायच्या, त्यांचा संकर करायचा आणि निवड पुन्हा करायची.

भाकीत म्हणजे प्रयोगाची हमी, असेही नाही. 1992 च्या गणितानुसार सुमारे 50 गिगापास्कल दाब पुरेसा होता. जर्मनीतील माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत 2004 मध्ये हे जाळे प्रत्यक्षात आले, तेव्हा मात्र 110 गिगापास्कलहून अधिक, म्हणजे अकरा लाख वातावरणांएवढा दाब लागला. शिवाय 2000 केल्विनहून जास्त तापमान. त्रिबंध सोडून नव्या मांडणीत जाताना मोठा अडथळा ओलांडावा लागतो. कोणती रचना फायद्याची, एवढ्याने तिथवरची वाट किती अवघड ते कळत नाही.

पदार्थ एकदा बनला की इंधन तयार, ही समजूतही चुकीची आहे. दाब उतरवताना हे जाळे सामान्य परिस्थितीपर्यंत टिकले नाही. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबलेला नमुनाही मायक्रोमीटरांत मोजावा लागतो. दाबाखाली स्थिर असणे आणि दाब काढल्यावर टिकून राहणे हे वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांचे गणितही वेगळे करावे लागते. हिरा जमिनीवर टिकतो, कारण ग्रॅफाइटकडे परतण्याची वाट त्याला जवळपास बंद असते. असे टिकणे नायट्रोजनच्या काही रचनांनाही जमते: लिथियम पेंटाझोलेट या क्षारात नायट्रोजनच्या पाच अणूंचे कडे असते. 2015 मध्ये भाकीत केलेला हा क्षार 2018 मध्ये 45 गिगापास्कलच्या आसपास तयार झाला आणि दाब पूर्ण उतरवल्यावरही शाबूत राहिला.